गॅलरीतली तांबडी भाजी: गोव्याच्या शहरांत भाजी पिकवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

चतुर्थी सरली, गणपतीवर टांगलेली फळांफुलांची माटोळी उतरली की आमच्या फोंड्याच्या सोसायटीत जिन्याखाली एक टेबल मांडले जाते. त्यावर औषधांच्या रिकाम्या बाटल्या, प्रत्येकीत कसले ना कसले बी आणि बाहेर चिकटवलेली चिठ्ठी. ज्याने आणले त्याने ठेवावे, हवे त्याने चमचाभर न्यावे. बी न्यायला माणसे येतात आणि तासभर प्रश्न विचारत बसतात. तेच प्रश्न दरवर्षी येतात म्हणून उत्तरे एकदाची लिहून काढली. फोंड्याखेरीज पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को इथल्या गॅलऱ्या आणि गच्च्याही डोळ्यांसमोर आहेत. घरी कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग, असलेल्यांनी हे वाचून हसावे, आमची हरकत नाही.

फ्लॅटमध्ये राहून घरापुरती भाजी निघेल का?

नाही निघणार. हे आधीच सांगितलेले बरे, नाहीतर जानेवारीपर्यंत हिरमोड होतो आणि रिकाम्या कुंड्या माझ्या दारात येतात.

हिशोब साधा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार माणशी रोज ४०० ग्रॅम भाजी लागते. चौघांच्या घराला महिन्याला ४८ किलो झाली. पालेभाजी चांगली साधली तर एका चौरस मीटरात एका वेळी किलो-दीड किलो मिळते, आणि तांबडी भाजी (लाल माठ) तयार व्हायला महिना लागतो. म्हणजे १० चौरस मीटर जागा असेल, ऊन भरपूर असेल आणि एकही वाफा फसला नाही, तरी महिन्याला १० ते १५ किलो. एवढी जागा गच्चीवर मिळते. गॅलरीत दोन चौरस मीटर मिळाली तरी नशीब. भात आणि डाळीचे तर नावच काढायला नको.

तरीही लावायचे, कारण २०११ च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी निघाली, देशातल्या राज्यांत सगळ्यांत जास्त. आणि आपली बहुतेक भाजी बेळगावहून घाट उतरून येते. चोर्ला घाटात दरड कोसळली की दुसऱ्या दिवशी बाजारात त्याचा भाव दिसतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीचे पहिले काही दिवस गोव्यात वाणसामानाची दुकानेही बंद होती. त्या आठवड्यात आमच्या अख्ख्या जिन्याने एका गॅलरीतला शेवग्याचा पाला आणि दुसऱ्या गॅलरीतली मिरची यांवर दिवस काढले. पोट त्याने भरले नाही. पण ताटात काहीतरी हिरवे होते, आणि त्या आठवड्यात त्याची किंमत वेगळीच वाटली.

मग लावायचे काय?

माझा नियम एकच: जे ट्रकमधून येते ते लावू नका.

कोबी, फ्लॉवर, गाजर, बटाटा, कांदा हे सगळे घाटावर आपल्यापेक्षा चांगले पिकते, स्वस्त पडते आणि प्रवास सोसते. एक कोबी तीन महिने कुंडी अडवून बसतो आणि शेवटी त्यातून अळी निघते. त्याच कुंडीत तीन वेळा तांबडी भाजी निघाली असती.

ट्रकला जमत नाही ते पान. तांबडी भाजी तोडल्यापासून चार तासांत मान टाकते, म्हणून ती फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर क्वचित चांगली मिळते आणि बाजाराच्या दारात बसलेल्या बायांकडे सकाळीच संपते. मुळ्याचा कोवळा पाला, मेथी, कोथिंबीर, अळूची पाने, कढीपत्ता, पुदिना यांचेही तसेच. कढीपत्त्याचे एक झाड मोठ्या ड्रममध्ये लावा आणि विसरून जा.

ट्रकला जमत नाही ती दुसरी गोष्ट म्हणजे गावठी जात. सात शिरांची भेंडी घ्या. बाजारातल्या पाच शिरांच्या भेंडीपेक्षा ती लांब, फिकट आणि मऊ. हातभर झाली तरी पोळीच्या तुकड्यासारखी मोडते. तिला गोव्याबाहेर गिऱ्हाईक नाही, म्हणून ती कोणी मुद्दाम पिकवून पाठवणार नाही. काणकोणातली खोलची मिरची आणि पेडण्यातली हरमलची मिरची यांना भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे नाव झाले आणि भावही चढला. पण एका कुटुंबाच्या आमटीपुरती मिरची चार कुंड्यांत होते. आगशीचे वांगे, ताळगावचे वांगे, पांढरी तवशी (काकडी), अळसांदे (चवळी) ही सगळी गावठीच मंडळी, काही तर आपापल्या गावाच्या नावाने ओळखली जातात. त्यांतली काही गावे आज शहरच झाली आहेत.

नवख्याने पहिल्या वर्षी फक्त तांबडी भाजी, मुळा आणि मिरची एवढेच करावे. टोमॅटोच्या नादाला लागू नये. मी लागले होते.

सुरुवात कधी करू? लोक म्हणतात पावसात लावा.

पावसात झाडे लावतात. पालेभाजी दसऱ्यानंतर.

आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तांबडी भाजीचे बी खसखशीपेक्षा थोडेच मोठे. जुलैच्या एका सरीत ते वाफ्यासकट खालच्या मजल्यावर पोहोचते. म्हणून जुन्या लोकांनी वर्षाची वाटणी करून ठेवली होती. पावसाळ्यात डोंगर-माथ्यावर भेंडी, काकडी, दोडका, पडवळ, चिबूड; भात कापले की त्याच शेतात उरलेल्या ओलीवर मुळा, तांबडी, नवलकोल, मिरची, अळसांदे. जुलैत तळावलीच्या सांतानाच्या चर्चमध्ये काकड्यांचे फेस्त भरते ते उगाच नाही. काकडीचा तो हंगामच.

गॅलरीलाही हीच वाटणी लागू. वेलभाज्या आणि भेंडी मे अखेरीस लावा, म्हणजे मोठ्या पावसाआधी मुळे धरतात. पालेभाज्या ऑक्टोबरच्या मध्यापासून, दर पंधरवड्याला थोड्या थोड्या, फेब्रुवारीपर्यंत. मार्च ते मे मिरची, आळू, कढीपत्ता जगवायचे आणि बाकी कुंड्यांना विश्रांती.

माझी गॅलरी उत्तरेकडे आहे. काही होईल का?

फार नाही. पण ऐकून घ्या, कारण हे बहुतेक जण उलटे समजतात.

भाजीचा आपला खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि दक्षिणेच्या गॅलरीत ऊन आतपर्यंत शिरते. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या थोडा उत्तरेला असतो, तेव्हा उत्तरेची गॅलरी उजळते. पण त्यातले दोन महिने आभाळच असते. म्हणजे दक्षिणेची गॅलरी हे घबाड, पूर्वेची चांगली, पश्चिमेची मिरचीला चालते पण एप्रिलमध्ये भाजून काढते, आणि उत्तरेच्या गॅलरीत आळू, पुदिना, आले, हळद, ओव्याची पाने लावून समाधान मानावे.

फळभाजीला सहा तास थेट ऊन हवे, पालेभाजीला चार तास पुरतात. कुंड्या घेण्याआधी एक रविवार घालवा. दर तासाला गॅलरीत ऊन कुठे पडते तिथे खडूने रेघ मारा. आमच्या शेजारच्या भाईंनी असे केले तेव्हा कळले की त्यांच्या गॅलरीत दोनच तास ऊन येते, आणि ते सगळे वॉशिंग मशीनवर.

आमच्या गच्चीवर पत्रे आहेत. आता?

गोव्यातल्या निम्म्या गच्च्यांची हीच कथा. स्लॅब गळतो म्हणून वर पत्र्याचे छप्पर, आणि त्याखाली कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. त्या छपराखाली मधोमध काही येणार नाही, पण दक्षिणेच्या कडेचा दीड-दोन मीटरचा पट्टा हिवाळ्यात उन्हात असतो. तिथे कुंड्या ओळीने लावा. शिवाय पावसाळ्यात हेच छप्पर वरदान ठरते: चार पत्रे काढून तिथे पारदर्शक पत्रे बसवले तर जुलैतही तांबडी भाजी काढता येते, कारण तिला पाऊस मारतो, दमटपणा नव्हे. छपराच्या पन्हळीखाली पिंप ठेवले की पाणीही.

गच्ची एवढे वजन पेलेल का?

हा प्रश्न विचारणारा शहाणा. न विचारता ट्रकभर माती चढवणारे मी पाहिले आहेत.

ओल्या मातीचे एक घनमीटर साधारण १७०० किलो भरते. एका चौरस मीटरावर २० सेंटिमीटर जाड मातीचा वाफा केला तर तो ३४० किलोंचा झाला. वावरण्याजोग्या गच्चीसाठी भारतीय मानकात जो वरचा भार धरतात तो चौरस मीटरला सुमारे १५० किलो. म्हणजे सरसकट मातीचा वाफा म्हणजे ठरलेल्या भाराच्या दुपटीहून जास्त, आणि इमारत तीस वर्षांची असेल, खाऱ्या वाऱ्याने सळ्या फुगल्या असतील, तर त्याहून वाईट. १५ लिटरची एक पिशवी निव्वळ ओल्या मातीने २५ किलोंवर जाते. अर्धी माती काढून काथ्याचा भुसा (कोकोपीट) आणि कंपोस्ट घातले की बरीच हलकी होते.

म्हणून तीन गोष्टी. मिश्रण हलके ठेवा. पिशव्या गच्चीच्या मधोमध न मांडता भिंतींवर आणि तुळयांवर, म्हणजे कडेने ओळीत मांडा. आणि पिशवी जमिनीला टेकू देऊ नका. खाली दोन विटा किंवा चिऱ्याचे तुकडे, म्हणजे पाणी वाहते आणि ओल कुठे मुरते ते दिसते. स्लॅबला खालून तडे दिसत असतील, प्लास्टर सुटत असेल, तर भाजी राहू द्या आणि आधी इंजिनियरला बोलवा.

माती कुठून आणू? बांधकामावरची तांबडी माती चालेल?

चालते, पण एकटी नको. आपली जांभ्याची माती आंबट असते, आणि तीन हजार मिलिमीटर पाऊस तिच्यातले खाण्यासारखे सगळे धुऊन नेतो. वाळली की तिची वीट होते. एक भाग ती, एक भाग कुजलेले शेण किंवा कंपोस्ट, एक भाग काथ्याचा भुसा असे मिश्रण करा. त्यात पिशवीमागे मूठभर चुलीची राख किंवा थोडा चुना. तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटून घातल्या तर चुना हळूहळू सुटत राहतो. त्या आपल्याकडे रविवारी कमी पडत नाहीत.

विकत आणलेला काथ्याचा भुसा दोनदा पाण्यात भिजवून पिळून घ्या. तो कधीकधी खारट असतो आणि बी उगवतच नाही. मग दोष बियाला जातो.

दर वर्षी नवी माती आणायची गरज नाही. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने शेतकऱ्यांना जे शिकवले त्याचा गाभा हाच होता की सुकलेला पाला जाळू नका, तोच मातीत परत घाला. आमच्या सोसायटीसमोर आंबा आणि फणस आहेत. जानेवारीत झाडू मारून पेटवून देण्याच्या बेतात असलेला तो ढीग मी पोती भरून आणते. रखवालदार मला पहिल्या वर्षी वेडी समजत होता. आता पोती तोच भरून ठेवतो.

एप्रिल-मेमध्ये नळाला पाणी कमी येते. झाडांना कुठून घालू?

उन्हाळ्यात एका चौरस मीटर भाजीला दिवसाला चार ते सहा लिटर लागते. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षात तीन लाख लिटर पाऊस पडतो हे ऐकून लोक खूश होतात, पण ते पाणी चार महिन्यांत येते आणि हवे असते ते पुढच्या आठात. हजार लिटरची टाकी १० चौरस मीटर भाजीला जेमतेम तीन आठवडे पुरेल. साठवून उन्हाळा काढण्याचे स्वप्न सोडा. पीकच कमी करा.

तांदूळ-डाळ-भाजी धुतलेले पाणी चांगले. एसीचे पाणीही चालते, आपल्या दमट हवेत एक मशीन दिवसाला बादलीभर सहज देते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारे पाणी खारवट असते, ते फरशी पुसायला. आणि मिरामार, करंजाळे, कोलवा अशा किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी मेमध्ये चाखून बघा. जिभेला खारट लागले तर मुळांना आधीच लागलेले असते. पानांच्या कडा करपू लागणे हीच खूण.

पावसात गोगलगायी सगळे फस्त करतात. मीठ टाकू?

झाडावर किंवा मातीवर मीठ टाकू नका, माती मरेल.

या त्या लहान गोगलगायी नव्हेत. मुठीएवढ्या शंखाच्या आफ्रिकी गोगलगायी आहेत, नर-मादी एकाच देहात, आणि एका वेळी शेकड्याने अंडी घालतात. उपाय किळसवाणा आहे पण तोच एक लागू पडतो. पहिल्या दोन-तीन पावसांनंतर रात्री नऊ वाजता टॉर्च, हातमोजे आणि मिठाच्या पाण्याची बादली घेऊन बाहेर पडायचे. सगळ्या सोसायटीने मिळून आठवडाभर केले तर फरक पडतो. एकट्याने केले तर शेजारच्या प्लॉटमधून नवी फौज येते. पपईची साल ठेवली की त्या तिथे जमतात, शोधत फिरावे लागत नाही. हातमोजे विसरू नका, त्यांच्यातून मेंदूपर्यंत जाणारा जंतू माणसाला लागू शकतो. कच्ची खायची पाने पावसाळ्यात नीट, एकेक करून धुवा.

वांगी, टोमॅटो एका रात्रीत माना टाकतात. पाणी घातले तरी उठत नाहीत.

पाणी घातले म्हणून उठणार नाहीत. ही जिवाणूंमुळे होणारी मर, आपल्या उबदार, आंबट, ओल्या मातीचा जुना रोग. पाने हिरवी असतानाच झाड लोळते.

खात्री करायची असेल तर बुंध्याजवळून खोडाचा तुकडा कापा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टोक बुडेल असा धरा. पाच-दहा मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखी पांढरी धार खाली उतरताना दिसली तर तीच मर. पहिल्यांदा मी हे पाहिले तेव्हा रोगाचे दुःख विसरून मुलांना हाक मारली होती, इतके ते स्पष्ट दिसते.

औषध नाही. झाड मुळासकट कचऱ्यात, कंपोस्टात नव्हे. त्या मातीत पुढची काही वर्षे वांगे, टोमॅटो, मिरची लावायची नाही. अळसांदे, तांबडी, मका चालेल. कात्री उकळत्या पाण्यातून काढा, नाहीतर तीच रोग पुढच्या कुंडीत नेते. जुन्या गोव्याच्या किनारी कृषी संशोधन संस्थेने या मरीला दाद न देणाऱ्या वांग्याच्या जाती तयार केल्या आहेत. तिथल्या कृषी विज्ञान केंद्रात बी किंवा रोपांची चौकशी करावी. एका दुकानातून ‘रोगमुक्त’ म्हणून मी बारा टोमॅटोची रोपे आणली होती, त्यातली अकरा अशीच गेली. बारावे माकडाने नेले.

माकडांचे काय करायचे?

फोंडा, पर्वरी, मडगावच्या टेकडीकडच्या बाजू, सगळीकडे हाच प्रश्न. फटाके, रबरी साप, आरसे हे सगळे चार दिवस चालते. माकडांना तांबडी भाजी, मिरची, आळू, हळद, कढीपत्ता यांत फारसा रस नसतो. त्यांना फळ हवे असते. म्हणून उघड्यावर पाने आणि जाळीच्या आत फळे. केळीचा घड गच्चीवर पिकवणे म्हणजे आमंत्रणपत्रिका छापणे. खायला घालणारा शेजारी असेल तर आधी त्याच्याशी बोला, मग माकडांशी.

कुंड्यांमुळे डास होतात असे सोसायटीचे म्हणणे आहे.

सोसायटीचे बरोबर आहे, जर कुंडीखाली ताटली असेल तर. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस घेतो आणि त्याला चमचाभर स्वच्छ पाणी पुरते. ताटल्या काढून टाका. ठेवायच्याच असतील तर आठवड्याला एकदा नुसत्या ओतू नका, घासा; अंडी कडेला चिकटून कोरडी महिनोन् महिने टिकतात. पिंपावर बारीक जाळी घट्ट बांधा. हे दर शनिवारी करतो असे लिहून फलकावर लावले तर निम्मा विरोध मावळतो. उरलेला निम्मा विरोध पाणी गळण्याचा असतो, त्याला विटा. गच्ची सगळ्यांची असते, तेव्हा वार्षिक सभेत ठराव करून घ्या आणि भाजीतला वाटा जिन्यात ठेवत जा. आमच्याकडे सर्वांत कडवा विरोधक पहिल्या मुळ्यानंतर गप्प झाला.

श्रावणात रस्त्याकडेला तायखिळो उगवतो. तो तोडून खावा का?

कुठल्या रस्त्याकडेला ते पाहून. तायखिळो म्हणजेच टाकळा, कुड्याच्या शेंगा, फागला (करटुले), आळू या श्रावणातल्या भाज्या म्हणजे फुकटची शेती, आणि शहरातली रिकामी जागा पाऊस पडताच त्यांनी भरून जाते. पण हमरस्त्याच्या कडेचा, गटाराच्या तोंडाचा, भंगारवाल्याच्या मागचा तायखिळो सोडा. धूळ धुतली जाते. मातीतून पानात चढलेले शिसे धुतले जात नाही. शाळेचे आवार, देवळामागची टेकडी, गावाकडचा बांध इथला आणा. टाकळ्याची कोवळी टोकेच घ्यायची.

हेच नाल्याच्या पाण्याचे. मुंबईत रेल्वेरुळांकडेला सांडपाण्यावर वाढलेल्या पालकाबद्दल आपण नाके मुरडतो. पणजीत सांतइनेज नाल्याचे पाणी बादलीने उपसून झाडांना घालणे त्याहून वेगळे नाही. फुलझाडांना घाला हवे तर.

ओल्या कचऱ्याचे खत गॅलरीत करता येते का? वास येतो म्हणतात.

वास आला तर सुका पाला कमी पडला, बाकी काही नाही. एक वाटी भाजीचे देठ घातले तर दोन-तीन वाट्या चुरलेला सुका पाला. तळाला भोके पाडलेली बादली, तिच्यावर झाकण. गोव्यातला दमटपणा लक्षात घेता पाला नेहमी लागतो त्यापेक्षा जास्तच घाला. पांढऱ्या-करड्या जाड अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या घाण संपवतात आणि झाडाला हात लावत नाहीत. दोन-अडीच महिन्यांत खत. पणजीत २००३ पासून कचराकुंडीमुक्त शहराची मोहीम चालली आणि वसाहतींच्या आवारात कंपोस्टची युनिटे उभी राहिली; तिथल्यांना माझ्याकडून शिकण्यासारखे काही नाही.

नारळाची सोडणे, म्हणजे वरची साले, बादलीत टाकू नका, दोन वर्षे तशीच राहतील. ती कुंडीच्या तळाशी पाणी धरायला.

मासे धुतलेले पाणी घालतात ते खरे का?

खरे. कढीपत्ता, मिरची, शेवगा यांना चांगले लागू पडते. मात्र पाणी नुसते पहिल्या धुण्याचे, मीठ लावण्याआधीचे, आणि पालेभाजीला नको. खवले आणि आतडी कुंडीत पुरू नका. मांजर रात्री येते, कुंडी सकाळी तळमजल्यावर सापडते.

मातीविना पाण्यावर भाजी, ते पांढरे पाइप, घ्यावेत का?

पैसे असतील, वीज जात नसेल आणि लेट्युस आवडत असेल तर घ्या. आपल्याकडे मेमध्ये पाइपमधले पाणी चहासारखे तापते आणि जूनमध्ये वीज जाते. तांबडी भाजी त्यात होते, पण तिला त्याची गरज नाही. हॉटेलांना पाने विकणाऱ्यांचा तो धंदा आहे, घरचा नव्हे.

शहरात शेती म्हणजे कुंड्याच का? शेते नाहीत का?

आहेत, आणि खरा विषय हाच आहे. पणजीच्या कुशीत ताळगाव, मेरशी, सांताक्रूझ इथे अजून भातशेते दिसतात, कितीतरी पडीक. ताळगावात ऑगस्टमध्ये नव्या कणसांचे फेस्त होते. कणसे कापायला शेत राहिले पाहिजे ना? ही सखल शेते पावसाचे पाणी पितात. ती बुजवली की तेच पाणी रस्त्यावर आणि तळमजल्यावर येते. खारफुटीमागची खाजन शेती, म्हणजे खाडीकाठची सखल शेते, तर बांध आणि मानशींवर (बांधातल्या पाण्याच्या दारांवर) उभी आहे. बांध एकदा फुटून खारे पाणी आत आले की शेत परत गोडे व्हायला काही पावसाळे लागतात.

शेत पडीक राहते त्याची कारणे कुंडीवाल्याच्या हातात नाहीत: मजूर मिळत नाही, वारस बारा आणि त्यांतले आठ परदेशात, कुळ-मालकाचा दावा, मोकाट गुरे. पण एक करता येते. आमच्या ओळखीच्या चार घरांनी मेरशीकडचे एक पडीक शेत मालकाशी बोलून फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी घेतले, तोंडी नव्हे, कागदावर, ‘कुळाचा हक्क सांगणार नाही’ असे वकिलाकडून लिहून. मालकाची भीती तीच असते, ती आधी घालवावी लागते. मुळा, तांबडी, अळसांदे केले. गुरांनी एकदा सगळे खाल्ले. दुसऱ्या वर्षी कुंपण आधी घातले, बी नंतर पेरले.

मदत कुठे मिळते?

कृषी संचालनालयाचे मुख्य कार्यालय पणजीला टोंक-करंजाळ्यात आहे, आणि तालुक्यांच्या ठिकाणी विभागीय कृषी कार्यालये आहेत. मातीची तपासणी, रोपे, बी यांची चौकशी तिथे करा, शक्यतो सकाळी. त्याहून चांगली मदत म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळते. भाजी घेऊन बसलेल्या एखाद्या मावशीकडून दोन जुड्या घ्या, भाव करू नका आणि मग विचारा, ‘मावशी, ह्येचे बी खंय मेळटा?’ (याचे बी कुठे मिळते?) तिने कनवटीच्या पुडीतून काढून दिलेल्या चिमूटभर बियाने माझी पाच वर्षे चालली आहेत.

बी घरी कसे राखायचे?

पाकिटावर संकरित लिहिलेले असेल तर राखू नका, पुढच्या पिढीत काय निघेल सांगता येत नाही. गावठीचे राखा. सर्वांत चांगले झाड ओळखून त्याच्या खोडाला रंगीत दोरा बांधा आणि घरात सगळ्यांना सांगा, नाहीतर नेमकी तीच भेंडी सासूबाई तोडतात. भेंडी झाडावरच वाळून तडकू द्या. तांबडीचे तुरे पिवळे पडले की कागदावर झटका. काकडी पिवळीधमक होईपर्यंत वेलावर ठेवा, बी धुऊन सावलीत वाळवा. वांग्या-मिरचीचे बी निरोगी झाडाचेच.

जुनी माणसे चुलीवरच्या धुरात कणसे टांगत. आपल्याकडे चूल नाही आणि जुलैची हवा भिंतीलाही बुरशी आणते. काचेची कोरडी बाटली, तळाला होमाची राख, वर बियाची कागदी पुडी, घट्ट झाकण, आणि ती बाटली फ्रीजच्या दारात. पुडीवर तीन गोष्टी लिहा: नाव, वर्ष, आणि कोणाकडून आणले. तांबडी पेरताना बियात चौपट कोरडी रेती मिसळून विस्कटा, वर बोटभरही माती नको, आणि कुंडीभोवती राखेची रेघ ओढा. नाहीतर मुंग्या रातोरात सगळे बी ओळीने घेऊन जातात.

टेबल चतुर्थीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी दहा वाजता, जिन्याखाली. बाटल्या परत आणून द्याव्यात.